हिवताप नसलेले अरण्य

सुरतेचा आणि आफ्रिकेचा ऋणानुबंध जुना आहे. १८६० च्या नोव्हेंबर महिन्यात ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासेहून करारबद्ध मजूर घेऊन नाताळच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून, व्यापारासाठी त्याच किनाऱ्याकडे जाणारे लोक सुरत जिल्ह्यातून निघू लागले. रांदेर, कठोर, नवसारी, बारडोली या बाजूची कित्येक घराणी अशा रीतीने दक्षिण आफ्रिकेत रुजली. तेथील स्वातंत्र्यलढ्यातील एक अग्रणी युसूफ दादू यांचे वडील सुरतेजवळच्या खोलवडचे. नेल्सन मंडेलांबरोबर दीर्घ कारावास भोगलेले अहमद कथराडा यांचे आईवडीलही सुरतेच्याच परिसरातून गेलेले.

आज सुरतेहून आफ्रिकेला जाणाऱ्या माणसांत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. तो वर्ग दुकान थाटावयास जात नाही. सिंह, हत्ती आणि गेंडे मोकळ्या रानात पाहावयास जातो. त्याला ‘सफारी’ असे म्हणतात. शब्द परका वाटला तरी तो आपल्या परिचयाचा आहे. अरबीतील ‘सफर’ स्वाहिली भाषेत गेला आणि ‘सफारी’ झाला. तोच आपल्याकडेही ‘सफर’ म्हणून नांदतो. अशा प्रवासाची माहितीपत्रके चाळताना एक वाक्य वारंवार दृष्टीस पडते: हे खाजगी अभयारण्य हिवतापमुक्त आहे. लहान मूल बरोबर असलेल्या आईबापांचा जीव ते वाचून भांड्यात पडतो. परंतु या वाक्याचा नेमका अर्थ काय? एक अरण्य हिवतापमुक्त आणि त्याच देशातील दुसरे हिवतापाचे, असे का व्हावे? आणि मुक्त म्हटलेल्या अरण्यात गेलेल्या माणसाने हिवतापाचा विचार मनातून काढून टाकावा काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समजून घेतली, तर प्रवासही सुखाचा होईल आणि त्यापलीकडचेही काही हाती लागेल.

प्रथम रोगाचा विचार करू. हिवताप होण्यास तीन गोष्टींची गाठ पडावी लागते. ज्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आहेत असा माणूस हवा. ते परजीवी वाहून नेणारी ॲनोफिलिस जातीची डासाची मादी हवी. आणि त्या मादीच्या पोटात परजीवी पक्व होईल इतकी ऊब व तिला जगता येईल इतका ओलावा हवा. डासाच्या पोटातील हे परजीवी रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले. त्यापूर्वी शतकानुशतके लोक या तापाचा दोष दलदलीच्या वाईट हवेला देत आले होते, आणि ‘मलेरिया’ या मूळ इटालियन शब्दाचा अर्थही तोच आहे.

यातून एक गोष्ट सहज ध्यानात येईल. सिंहाला, हत्तीला किंवा हरणाला माणसाचा हिवताप होत नाही. म्हणून रानात श्वापदे किती आहेत यावर हिवताप ठरत नाही. तो ठरतो डास, हवामान आणि माणूस यांच्या मेळावर. हवामानाचा भाग तर मोठा चमत्कारिक आहे. आफ्रिकेत सर्वांत घातक ठरलेला जो फाल्सिपेरम नावाचा परजीवी, त्याला डासाच्या शरीरात पक्व होण्यास २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे १२ दिवस लागतात. तापमान २० अंशांवर आले की हाच काळ तीन आठवड्यांहून अधिक होतो. आणि सुमारे १८ अंशांखाली ही क्रिया जवळजवळ थांबते. डासाचे आयुष्य तसे अल्पच. परजीवी पक्व होण्यापूर्वीच मादी मेली, तर ती कितीही जणांना चावली असली तरी रोग पुढे जात नाही. एखाद्या प्रदेशात डास आहेत, माणसेही आहेत, आणि तरीही हिवताप नाही, हा प्रकार असा संभवतो.

आता दक्षिण आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. देशाचा बराचसा मध्यभाग उंच पठाराचा आहे. जोहान्सबर्ग शहरच समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले आहे. पश्चिमेकडे कालाहारीचा कोरडा टापू लागतो. दक्षिणेकडे केप प्रांताची थंड हवा आहे. या सर्व भागांत हिवतापाचा प्रसार होत नाही. उरतो तो ईशान्येचा कोपरा. लिंपोपो व म्पुमालांगा प्रांतांचा सखल, उष्ण पट्टा आणि क्वाझुलू-नाताळचे उत्तरेकडील टोक मिळून हा कोपरा होतो. तेथे हिवताप आहे, आणि सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्याचा हंगाम मानला जातो.

जगप्रसिद्ध क्रूगर राष्ट्रीय उद्यान नेमके या सखल पट्ट्यात आहे. त्याला लागून असलेले साबी सँड हे अत्यंत सुखसोयींनी युक्त असे खाजगी अभयारण्यही त्याच पट्ट्यात येते. तेव्हा ‘खाजगी’ या शब्दाचा हिवतापाशी काहीएक संबंध नाही, हे प्रवाशाने पक्के लक्षात ठेवावे. निवासाचे भाडे कितीही असो, डासाला ते ठाऊक नसते. उलट, ज्यांना हिवतापमुक्त म्हणता येते अशी अरण्ये निराळ्याच दिशांना आहेत. पूर्व केप प्रांतात शामवारी व क्वांडवे ही खाजगी अभयारण्ये आणि अ‍ॅडो हे हत्तींचे राष्ट्रीय उद्यान आहे. नॉर्थ वेस्ट प्रांतात पिलानेसबर्ग आणि बोत्सवानाच्या सीमेवरील मादिक्वे आहे. कालाहारीत त्स्वालू हे एक लाख हेक्टरांहून मोठे खाजगी अभयारण्य आहे. ज्या कथराडांचा वर उल्लेख आला, त्यांचा जन्म १९२९ साली ज्या श्वायत्सर-रेनेके गावी झाला, ते गाव आजच्या याच नॉर्थ वेस्ट प्रांतात येते.

या अरण्यांचा इतिहास पाहू लागले की एक विलक्षण विरोध नजरेस येतो. जेथे हिवताप होता, तेथे जनावरे टिकली. जेथे हिवताप नव्हता, तेथे ती नाहीशी झाली. पूर्व केपची हवा निरोगी. गोरे वसाहतवाले तेथे येऊन कायमचे राहिले, त्यांनी मेंढ्या, शेळ्या आणि गुरे पाळली, कुंपणे घातली, आणि त्यांना उपद्रव देणारे प्रत्येक जनावर मारले. एकोणिसावे शतक संपेपर्यंत त्या भागातून सिंह गेला. हत्तींची गत तीच. १९३१ साली अ‍ॅडोचे उद्यान स्थापन झाले, तेव्हा त्या परिसरात अवघे ११ हत्ती उरले होते. आज तेथील हत्तींची संख्या सहाशेंच्या पुढे गेलेली आहे, हा पुढच्या चिकाटीचा भाग.

ईशान्येच्या सखल पट्ट्यात याच्या उलट घडले. तेथे माणसाला हिवताप आणि गुराघोड्यांना त्सेत्से माशीपासून होणारा नागाना रोग, अशी दुहेरी चौकी बसलेली होती. शिकारी हिवाळ्यात खाली उतरत आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी पठारावर परतत. शेती करून राहण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. शिकार पुष्कळ झाली, तरी जमीन नांगराखाली गेली नाही. १८९८ साली तेथे साबीचे राखीव वन जाहीर झाले आणि १९२६ साली त्यातून क्रूगर राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. कायद्याने रानाला संरक्षण देण्यापूर्वी ते काम तापाने केले होते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

हे दूरच्या खंडातील आहे असे समजण्याचे कारण नाही. सुरतेच्या आग्नेयेस, १९६० साली गुजरातेत समाविष्ट झालेला डांगचा मुलूख आहे. तेथील सागवानाच्या लोभाने इंग्रजांनी १८४२ मध्ये डांगी राजांकडून जंगलाचे पट्टे घेतले. परंतु पावसाळा आणि त्यानंतरचे महिने तेथे काढण्यास बाहेरची माणसे भीत असत. डांगचा ताप हा शब्दच धाक घालणारा होता. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतही असेच होते. १९५० नंतरच्या काळात डीडीटीची फवारणी झाली, हिवताप ओसरला, आणि त्याच्या मागोमाग कुऱ्हाड व नांगर आत शिरले. वाघांचे रान पाहता पाहता उसाचे व गव्हाचे शेत झाले.

डांगाला लागूनच वांसद्याचे रान आहे. सुरतेच्या मराठी वाचकाला खाजगी अभयारण्य म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जावयासही नको. अंबिका नदीच्या काठचे हे जंगल वांसदा संस्थानच्या राजघराण्याच्या मालकीचे होते. शिकारीसाठी आणि शोभेसाठी संस्थानिकांनी राखलेली अशी राने देशभर होती. त्यांना कोठे शिकारखाना म्हणत, कोठे रमणा. १९७९ साली वांसदा राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचा विस्तार जेमतेम २४ चौरस किलोमीटर आहे. बिबट्या तेथे अजून आहे. वाघ मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टापूतून गेला. एका घराण्याच्या मालकीमुळे झाडे वाचली, पण वाघाला लागणारा विस्तीर्ण मुलूख एवढ्याशा तुकड्यात राहणे शक्य नव्हते.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे आहे. तापाने रान राखले म्हणून तापाचे गुणगान करणे अमानुषपणाचे होईल. त्या पहाऱ्याची किंमत रानात राहणाऱ्यांनी दिली. बाहेरच्या माणसाला डांगात पाऊल टाकण्याची भीती वाटे, परंतु डांगातील भिल्ल, कोकणा आणि वारली कुटुंबांना जाण्यास दुसरी जागा नव्हती. वारंवार ताप येऊन गेलेल्या मोठ्या माणसांच्या अंगी काही प्रतिकारशक्ती येते खरी. पण ती येण्यापूर्वी किती बालके दगावतात, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आफ्रिकेत आजही तीच स्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील शंभरांत ९५ मृत्यू आफ्रिकेतले होते, आणि त्या आफ्रिकेतील मृतांत चारांपैकी तीन पाच वर्षांखालील मुले होती.

आता हिवतापमुक्त खाजगी अभयारण्य घडते कसे, ते पाहू. पूर्व केपमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळी परवडेनाशी झाली. दुष्काळ आणि अतिचराईने जमिनी झिजल्या होत्या. काही जमीनमालकांनी लागून असलेली शेते विकत घेऊन आतली कुंपणे काढली, बाहेरून एकच उंच, विजेची तार असलेले कुंपण घातले, आणि शंभर वर्षांपूर्वी तेथून हुसकलेली जनावरे पुन्हा आणून सोडली. १९९१ साली दक्षिण आफ्रिकेत असा कायदा झाला की, योग्य कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्य प्राण्यांवर जमीनमालकाची मालकी कायम राहते. यामुळे या उद्योगाला बळ आले. शामवारी १९९२ पासून प्रवाशांना खुले झाले. मादिक्वे हे प्रांतिक सरकारच्या मालकीचे असून तेथील निवासस्थाने खाजगी व्यावसायिक व स्थानिक समाज यांच्याकडे आहेत. तेथे तर १९९१ पासून काही वर्षे ‘ऑपरेशन फिनिक्स’ नावाची मोहीम चालून गुरांच्या जुन्या कुरणांत आठ हजारांहून अधिक प्राणी आणून सोडण्यात आले. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे नाव या मोहिमेला शोभून दिसले.

म्हणजे प्रवासी जे रान पाहतो ते अनादि काळापासून जसेच्या तसे राहिलेले रान नसते. ते मनुष्याने एकदा उजाड केलेले आणि मग मोठ्या कष्टाने व खर्चाने पुन्हा वसवलेले रान असते. म्हणून त्याची शोभा कमी होत नाही. उलट, गेलेले परत आणता येते याचा तो पुरावा आहे.

याच न्यायाने नकाशावरील हिवतापाची रेषाही निसर्गाने एकट्याने आखलेली नाही. उंच पठार आणि कोरडा कालाहारी निसर्गतःच मुक्त आहेत. परंतु क्वाझुलू-नाताळचा मोठा भाग माणसांच्या श्रमाने मुक्त झाला आहे. १९३१-३२ साली नाताळमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली आणि वीस हजारांहून अधिक लोक प्राणास मुकले. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांमध्ये ताप फैलावला होता. त्यानंतर घरांच्या भिंतींवर आणि छपराखाली किडनाशकांची फवारणी सुरू झाली: प्रथम पायरेथ्रमची आणि १९४० नंतरच्या दशकात डीडीटीची. वर्षामागून वर्षे फवारणी करणारे मजूर खेड्याखेड्यांतून फिरले आणि रेषा ईशान्येकडे हटत गेली.

१९९६ साली डीडीटी सोडून दुसरी औषधे वापरण्याचे ठरले. दुर्दैवाने ॲनोफिलिस फ्युनेस्टस या डासाला त्या औषधांची सवय झाली होती. तो शेजारच्या मोझांबिककडून पुन्हा आत आला. त्यातच फाल्सिपेरमवरील जुनी औषधे निष्प्रभ ठरू लागली होती. परिणाम असा की, २००० साली त्या देशात साठ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. डीडीटी परत आणावे लागले, नवी औषधे द्यावी लागली, मोझांबिक आणि स्वाझीलँड या शेजाऱ्यांशी मिळून काम करावे लागले, तेव्हा कोठे साथ हटली.

भारताने हाच धडा अधिक महाग किमतीला घेतला आहे. १९५३ साली आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. साठोत्तरीच्या मध्यास देशातील रुग्ण सुमारे एक लाखावर आले. हिवताप गेला अशीच सर्वांची समजूत झाली, देखरेख ढिली पडली, आणि १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर पोहोचली. मुक्त हा शब्द फलकावर लिहून ठेवता येतो. वस्तुस्थितीत तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो.

सुरतेसारख्या शहराला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. शहरी हिवतापाचा वाहक जो ॲनोफिलिस स्टीफेन्साय, तो रानातील दलदलीत वाढत नाही. गच्चीवरील उघडी टाकी, बांधकामावर साठवलेले पाणी, अंगणातील हौद ही त्याची घरे. कालव्यांच्या व भातशेतीच्या बाजूस ॲनोफिलिस क्युलिसिफेसीज असतो. विशेष असे की, आपल्याकडचा हा स्टीफेन्साय डास २०१२ साली आफ्रिकेच्या जिबुतीत आढळला आणि नंतर इथिओपियासह इतरही देशांत पोहोचला. आफ्रिकेतील मूळ डास बहुतांशी खेड्यांत आणि पावसाळ्यात त्रास देत. हा पाहुणा शहरांतील टाक्यांत बाराही महिने वाढतो. सुरतेहून सिंह पाहावयास जाणाऱ्याला आफ्रिकेच्या डासाचे भय वाटते, हे ठीकच; पण आशियाचा डासही तिकडे पोहोचला आहे, याची आठवण असलेली बरी.

इतके समजल्यावर प्रवाशाने काय करावे हे सांगणे सोपे जाते. बरोबर पाच वर्षांखालील मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर हिवतापाच्या पट्ट्यात न जाता पूर्व केप, मादिक्वे, पिलानेसबर्ग अशा बाजूचे अरण्य निवडणे शहाणपणाचे. या दोहोंना फाल्सिपेरमचा ताप फार लवकर जिवावर बेततो. मात्र लहान मुलांना उघड्या मोटारीतून रानात नेण्याबाबत प्रत्येक निवासस्थानाचे वयाचे नियम निरनिराळे असतात. ते आधीच विचारून घ्यावे. क्रूगरला जावयाचेच असेल, तर ऋतूंचा उलटा क्रम ध्यानी धरावा. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तेथील थंडीची सुरुवात आणि हिवतापाच्या हंगामाचा शेवट. आपली दिवाळीची सुट्टी म्हणजे तेथील पावसाळ्याचा आरंभ. जून ते ऑगस्ट हे कोरडे, थंड महिने तापाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, आणि गवत विरळ होऊन जनावरे पाणवठ्यावर जमत असल्याने दर्शनालाही उत्तम.

हिवतापाच्या पट्ट्यात जाताना प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. आपल्याकडे पूर्वापार माहीत असलेली क्लोरोक्विनची गोळी आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर उपयोगी पडत नाही. ज्या गोळ्या दिल्या जातात, त्या प्रवास संपल्यावरही काही दिवस चालू ठेवावयाच्या असतात: एक प्रकार सात दिवस, दुसरे प्रकार चार आठवडे. घरी आलो, आता कशाला हव्यात, असे म्हणून त्या सोडणे धोक्याचे. ॲनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्या वेळी पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारे मलम आणि झोपताना मच्छरदाणी, हे साधे उपाय गोळ्यांइतकेच महत्त्वाचे.

मार्ग ठरवतानाही सावध राहावे. पुष्कळदा स्वस्त तिकिटाच्या मोहाने नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे प्रवास आखला जातो. केनिया व इथिओपिया हे पीतज्वराच्या देशांत मोडतात. तेथून येताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाण्याचा प्रसंग येतो. ही लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासापूर्वी निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते; एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार ती जन्मभर ग्राह्य धरली जाते.

हिवतापमुक्त अरण्यात पोहोचल्यावर दिवस मोठा सुंदर जातो. सूर्योदयापूर्वी उठून उघड्या मोटारीतून निघावयाचे. पुढे माग काढणारा बसलेला असतो, तो ओल्या मातीतील पाऊल आणि मोडलेली काडी पाहून जनावर कोणत्या बाजूला गेले ते सांगतो. दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा फेरी. मोटारीत उभे राहू नये, मोठ्याने बोलू नये, वाटाड्याच्या सांगण्यावाचून खाली उतरू नये. सिंह मोटारीला एकच मोठी वस्तू समजतो. तिच्यातून सुटा झालेला माणूस मात्र त्याच्या लगेच नजरेत भरतो. रोगमुक्तीचा अर्थही येथे आकुंचित करून घ्यावा. गवतातून चालताना गोचीड चावून येणारा ताप हिवतापमुक्त रानातही होऊ शकतो. म्हणून पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि संध्याकाळी अंग तपासावे.

सर्वांत मोलाची गोष्ट परतल्यानंतरची आहे. फाल्सिपेरमचा ताप डास चावल्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो, क्वचित त्याहूनही उशिरा. म्हणजे पुष्कळांना तो घरी आल्यावरच गाठतो. अशा वेळी साधा ताप समजून दोनतीन दिवस घालवणे हेच बहुधा जिवावर बेतते; कारण हा ताप योग्य औषधाने बरा होतो, पण उशीर सहन करीत नाही. ताप येताच वैद्याला आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे आपण होऊन सांगावे आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्यावी. केवळ मुक्त प्रदेशात राहिलो होतो म्हणून तपासणी टाळू नये. जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या परिसरात हिवताप नाही. तरीही मोटारींतून वा सामानातून आलेला एखादा डास चावून तेथे हिवताप झाल्याची उदाहरणे अधूनमधून घडतात, आणि डॉक्टरांच्या मनात हिवताप येतच नसल्याने त्यांचे निदान उशिरा होते.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे बराच आढळणारा व्हायवॅक्स परजीवी यकृतात महिनोन्महिने दडून बसतो. सुरतेत ताप येऊन गेलेला माणूस पुढे कधी तरी आफ्रिकेच्या निरोगी रानात आजारी पडला, तर तो ताप त्याने घरूनच नेलेला असण्याचा संभव असतो. यासाठी वैद्याने दिलेली प्रायमाक्विनची पूर्ण मात्रा, सहसा चौदा दिवसांची, ताप उतरल्यानंतरही संपवावी. ती अर्ध्यावर टाकणारे आपल्याकडे थोडे नाहीत.

श्रीलंकेला २०१६ साली, चीनला २०२१ साली आणि इजिप्तला २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित केले. या तिन्ही देशांत उष्ण हवा आहे, पाणी आहे आणि डासही आहेत. त्यांनी माणसाच्या रक्तातील परजीवी शोधून काढला, प्रत्येक रुग्णाला पूर्ण औषध दिले, आणि पुन्हा येणाऱ्या प्रत्येक तापावर नजर ठेवली. भारताने यासाठी २०३० हे वर्ष ठरवले आहे. प्रवाशाला हिवतापमुक्त अरण्य तीनचार दिवस लाभते, आणि त्याची निवड पैशाने करता येते. लिंपोपोच्या खेड्यातील किंवा डांगच्या पाड्यावरील आईला अशी निवड नसते; तिचे घर जेथे आहे तेथेच तिला मुक्ती हवी. ती देण्याचे काम दरवर्षी पावसाळ्यापूर्वी भिंती फवारणारे आणि ताप आलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेणारे लोक करीत असतात. सुरतेतही असा कर्मचारी दारी आला की त्याला घरात घ्यावे, त्याला गच्चीवरची टाकी दाखवावी, आणि तो गेल्यावर तिचे झाकण नीट बसवावे.